मांडवीच्या चार वाटा

बडोदे शहराच्या जुन्या भागात मांडवी नावाचा एक चौरस मंडप आहे. त्याच्या प्रत्येक बाजूस तीन-तीन कमानी असून त्यांवर चढत गेलेले मजले दुरूनही दृष्टीस पडतात. या मंडपापाशी उभे राहिले असता चार दिशांना चार सरळ रस्ते गेलेले दिसतात. पश्चिमेचा रस्ता लहरीपुरा दरवाजाकडे जातो, पूर्वेचा पाणी दरवाजाकडे, उत्तरेचा चांपानेर दरवाजाकडे आणि दक्षिणेचा गेंडी दरवाजाकडे. एके काळी या चार वेशींना जोडणारा तट होता. तो आज नाही. वेशी मात्र राहिल्या आहेत, आणि त्यांच्यातून निघून मांडवीपाशी मिळणारे रस्तेही राहिले आहेत. मांडवी हा शब्द जकातीच्या ठाण्याला आपण मराठीतही लावतो. मुंबईच्या मांडवीचे नाव त्याच अर्थाचे आहे. वेशीतून आत आलेला माल शहराच्या मध्यभागी यायचा, म्हणून मंडपाची जागा तेथे ठरली. म्हणजे हा मंडप रस्त्यांच्या पोटी जन्माला आला. जुन्या इमारतींविषयी बोलताना आपण बहुधा इमारतीकडेच पाहतो आणि तिच्यापुढच्या रस्त्याला विसरतो. आज या दोहोंच्या संबंधाविषयी चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

बडोद्याची वस्ती फार जुनी. विश्वामित्री नदीच्या पश्चिमेस अंकोट्टक नावाचे गाव होते. त्यालाच आज आपण अकोटा म्हणतो. तेथे १९५१ साली सापडलेल्या जैन धातुमूर्तींनी त्या गावाची प्राचीनता सर्वांच्या निदर्शनास आणली. नदीच्या पूर्वेस वडांच्या झाडीतले वटपद्रक हे खेडे होते. इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ते दान दिल्याचा उल्लेख येतो. पुढे गुजरातच्या सुलतानांच्या काळी, सोळाव्या शतकाच्या आरंभी, तटबंदीचे चौकोनी शहर वसवण्यात आले. मांडवीच्या चार वाटांची आखणी ही त्या शहराची देणगी होय. १७३४ साली हे शहर गायकवाडांच्या ताब्यात कायमचे आले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी मंडळींनी येथे घरे बांधली. कोणी शिलेदार होते, कोणी फडावरचे कारकून, कोणी शास्त्री, वैद्य, सावकार. नवे राज्य जुन्या आराखड्यात राहावयास आले. रस्ते त्यांनी मोडले नाहीत. रस्त्यांच्या कडेची घरे मात्र बदलली.

तटाच्या आत जागा पुरेनाशी झाली तेव्हा शहर पश्चिमेकडे, लहरीपुरा दरवाजाच्या बाहेर, सुरसागर तलावाच्या अंगाने पसरू लागले. रावपुरा आणि दांडिया बाजार या मराठी वस्तीच्या पेठा अशा वाढल्या. येथे दोन वास्तुपद्धती शेजारी शेजारी नांदल्या. एक गुजराती पोळ आणि दुसरा मराठी वाडा. पोळ म्हणजे एकाच प्रवेशद्वारातून आत शिरणारी गल्ली. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून अरुंद, उंच घरे, त्यांच्या दर्शनी बाजूस कोरीव लाकूडकाम आणि दारापुढे ओटा. घडियाळी पोळ, मेहता पोळ, नरसिंहजीची पोळ ही नावे बडोदेकरांच्या तोंडी आजही आहेत. वाडा अंतर्मुख असतो. बाहेर देवडी, आत चौक, चौकाभोवती सोपे, पलीकडे माजघर आणि देवघर, मागे विहीर व परसू. पोळीत सामायिक जागा म्हणजे गल्ली, तर वाड्यात ती म्हणजे चौक. दोन्ही ठिकाणी उन्हापासून आडोसा, वाऱ्याला वाट आणि माणसांना बसावयास जागा मिळेल अशीच योजना होती. बडोद्याच्या वैशाखात याची किंमत समजते.

या वाड्यांपैकी भाऊ तांबेकरांचा वाडा आज सर्वांत प्रसिद्ध आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे राज्याचे दिवाण होते. त्यांच्या रावपुऱ्यातील या अनेक मजली लाकडी वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. महाभारतातील प्रसंग, कृष्णलीला, इंग्रज व मराठे यांच्या लढाया, इतकेच नव्हे तर युरोपीय पोशाखातील स्त्रिया, हे सारे तेथे एकाच छताखाली रंगवलेले आढळते. मराठी माणसाच्या दिवाणखान्यात त्या काळी जगाचे केवढे वारे वाहत होते, हे त्या भिंती सांगतात. हा वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु दिवाणसाहेबांच्या एका वाड्यावरून एका पेठेची कल्पना येत नाही. त्या वाड्याच्या आसपास ज्या शेकडो साध्या घरांत कारकून, भिक्षुक, शाळामास्तर आणि विधवा आत्या-मावश्या राहिल्या, त्या घरांना कोणत्याही खात्याचे संरक्षण नाही. बडोद्याच्या मराठी जीवनाचा इतिहास मुख्यतः त्या घरांत घडला.

महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत, १८७५ पासून १९३९ पर्यंत, या शहराचे रूप पालटले. राजवाडा, महाविद्यालय, रुग्णालये, ग्रंथालय, बाजार, न्यायालय अशा इमारती एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांतील तिघींच्या हकीकती आपल्या विषयाला उपयोगी आहेत, म्हणून त्या थोडक्यात सांगतो.

सुरसागराजवळील न्यायमंदिर १८९६ साली पुरे झाले. रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने तिची रचना केली, आणि महाराणी चिमणाबाईंचे नाव तिला देण्यात आले. मूळ बेत तेथे भाजीबाजार भरवण्याचा होता. इमारत उभी राहिली तेव्हा तिचे वैभव पाहून तिच्यात न्यायकचेऱ्या बसवण्यात आल्या, आणि तेथे सव्वाशे वर्षांच्या आसपास न्यायदान चालले. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्यातील नव्या इमारतीत गेली, आणि जुन्या वास्तूचा नगरसंग्रहालयासाठी उपयोग व्हावा असा विचार पुढे आला. दुसरी इमारत खंडेराव मार्केटची. महाराजांच्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने, १९०६ साली ती बांधली गेली. तेथे बाजाराबरोबर नगरपालिका आली, आणि आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय तेथेच आहे. तिसरी मांडवीजवळची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत. महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून १९१० साली येथील ग्रंथालय-खात्याची घडी बसवली. या ग्रंथालयात पुस्तकांचे घोडे लोखंडी आहेत, आणि मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा आणि आगीचे भय राहू नये, हा त्यातला हेतू. ही इमारत पहिल्यापासून आजतागायत एकच काम करीत आली आहे.

एकीचे काम दोनदा बदलले, दुसरीत एका कामाशेजारी दुसरे येऊन बसले, तिसरीचे मुळीच बदलले नाही. आणि तिन्ही उभ्या आहेत. याच्या उलट नजरबाग राजवाड्याची हकीकत पाहा. मांडवीपासून जवळच असलेल्या या वाड्यात एके काळी राजघराण्याचे जडजवाहीर ठेवले जाई, आणि सोन्या-रुप्याच्या तोफा पाहावयास पाहुणे नेले जात. संस्थाने विलीन झाल्यावर त्या वाड्याला नित्याचे काम उरले नाही. वर्षानुवर्षे तो मोडकळीस येत गेला, आणि अखेर २०१४ साली पाडण्यात आला. दौलत ज्याच्या पोटात होती तो वाडा गेला, आणि ज्याच्यात पुस्तके होती ते घर राहिले. यावरून धडा एवढाच घ्यावयाचा की जुन्या वास्तूला रोजचे काम हवे. ज्या दारातून माणसे रोज आत-बाहेर करतात त्याच्या छतावरील फुटके कौल कोणाच्या तरी ध्यानात येते. बंद दाराआडचे कौल फुटले तर ते कोणास कळत नाही.

दांडिया बाजारातही याची साक्ष मिळते. जुम्मादादा व्यायाममंदिराची स्थापना १८८० ची. पुढे प्रोफेसर माणिकरावांनी त्याचा लौकिक देशभर नेला, आणि तरुण तेथे शरीर कमावण्यास येत राहिले. त्याच भागात खासेराव जाधवांच्या ज्या बंगल्यात बाबू अरविंद घोष यांनी आपल्या बडोद्यातील नोकरीच्या काळात वास्तव्य केले, तो बंगला आज अरविंद-निवास म्हणून ध्यानाला व वाचनाला उघडा असतो. या दोन्ही जागा टिकल्या, कारण लोकांना तेथे जाण्याचे निमित्त राहिले.

आता एक गोष्ट परदेशची. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचे एक खेडे आहे. तेथील मठवजा वाड्यात राहणाऱ्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ साली खिडकीचे एक इवलेसे छायाचित्र घेतले. जुन्यात जुन्या उलट्या छायाचित्रांमध्ये त्याची गणना होते. त्यांच्या वंशातील माटिल्डा टॅल्बट या बाईंनी १९४४ साली तो वाडा आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सारे खेडे, राष्ट्रीय वारशाचे रक्षण करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेला देऊन टाकले. तेव्हापासून तेथील घरे भाड्याने दिली जातात. प्रवाशांच्या मोटारींचा तळ वस्तीच्या बाहेर ठेवला आहे, आणि जुन्या रस्त्याचे रूप बिघडू नये म्हणून तारा व खांब यांचीही काळजी वाहिली जाते. म्हणूनच जुन्या काळातील कथांची चित्रपटवाली मंडळी तेथे आवर्जून येतात. या व्यवस्थेलाही दुसरी बाजू आहे. जेथे पाहणारे अधिक आणि राहणारे थोडे, तेथे गावाला देखाव्याची कळा येण्याचा धोका असतो. परंतु लेकॉकच्या उदाहरणात एक गोष्ट मोलाची आहे. बाईंनी वाडा तेवढा दिला नाही. रस्ता, दुकान, खानावळ आणि मजुरांची घरे यांच्यासह तो दिला.

इंग्लंडच्या कायद्यालाही हे शहाणपण दोन पायऱ्यांनी आले. १९४७ च्या नगररचना कायद्याने महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करण्याची सोय केली. यादीतील इमारत परवानगीवाचून पाडता येऊ नये, हा त्यातला हेतू होता. परंतु एखादी इमारत राखली आणि तिच्या दोन्ही बाजूंची घरे पाडली, तर ती इमारत परक्यासारखी उभी राहते, हे लवकरच दिसून आले. म्हणून १९६७ च्या दुसऱ्या कायद्याने संपूर्ण मोहल्लाच संरक्षित म्हणून जाहीर करण्याची पद्धत काढली. इमारतीपासून रस्त्यापर्यंत पोहोचण्यास त्या देशाला वीस वर्षे लागली.

परंतु हा विचार बडोद्यात त्याच्याही अर्धशतक आधी येऊन गेला होता. १९१६ साली सर पॅट्रिक गेडीस या स्कॉटलंडमधील नगररचनाकारांनी बडोदे शहराच्या विस्ताराविषयी एक अहवाल लिहिला. गेडीस हे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. शहराकडे ते झाडाकडे पाहावे तसे पाहत. हिंदुस्थानातील अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले, आणि त्यांत एक सूत्र पुनःपुन्हा मांडले. दाट वस्तीतून एक रुंद, सरळ रस्ता कापून काढणे म्हणजे रोग बरा करण्यासाठी हातपाय तोडणे. त्याऐवजी गल्लीत हिंडावे, खरोखर पडीक असलेली थोडी घरे काढावी, तेथे लहान चौक मोकळा करावा, एखादे झाड लावावे, विहीर साफ करावी. एवढ्याने हवा-उजेड येतो, खर्च थोडा होतो, आणि माणसे आपल्या जागी राहतात. कुशल शस्त्रवैद्य जसा निरोगी भागाला धक्का लावीत नाही, तसे हे काम आहे, असे ते समजावून सांगत. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जुन्या शहरासाठी याहून सुबुद्ध सल्ला मिळणे कठीण आहे.

जुनी घरे मरतात कशी, हे जरा बारकाईने पाहू. पहिले कारण भिंतीत नसून कागदपत्रांत असते. घर एकाचे असते, ते चार भावांचे होते, आणि तिसऱ्या पिढीत त्याला पंधरा वारस असतात. त्यांतील कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणी परदेशी. सर्वांच्या सह्या मिळाल्याशिवाय छप्पर शाकारता येत नाही. त्यात भाडेकरू असले तर अडचण दुणावते. १९४७ चा मुंबई इलाख्याचा भाडेनियंत्रण कायदा पुढे गुजरात राज्यातही लागू राहिला. गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून तो केलेला होता, आणि त्याने अनेकांना आधार दिला, यात शंका नाही. परंतु भाडे गोठले आणि चुना-लाकडाचे दर वाढत गेले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती करण्याचा हक्क नव्हता. दोघेही वाट पाहत बसले, आणि पाऊस कोणासाठी थांबला नाही.

दुसरे कारण पाणी. वाड्याचा भार सागवानी खांब व तुळया पेलतात. कौल सरकले की पाणी वाशावर पडते, वाशातून तुळईच्या टोकाशी जाते आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजू लागते. ते टोक नजरेआड असल्यामुळे खोली खाली बसेपर्यंत कोणास काही कळत नाही. ओल्या लाकडाला वाळवी शोधून काढते. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, कौले फिरवणे आणि पन्हळी साफ करणे हा जुना शिरस्ता होता. तेवढा पाळला तर असले घर कित्येक पिढ्या चालते.

तिसरे कारण चांगल्या हेतूने केलेली चुकीची दुरुस्ती. जुन्या भिंती विटांच्या व चुन्याच्या असतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतून वर चढलेली ओल त्यातून बाहेर उडून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ती आत कोंडते, विटांतील क्षार फुलू लागतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत वरची कातडी गुळगुळीत व आतली वीट भुसभुशीत अशी दशा होते. मालकाला वाटते की आपण घर भक्कम केले. प्रत्यक्षात घराचा श्वास बंद केलेला असतो.

चौथे कारण रस्ता. डांबराचा जुना थर न खरवडता दर काही वर्षांनी नवा थर पसरला जातो. रस्ता बोटाबोटाने वर येतो. ज्या ओट्यावर चढावयास पूर्वी तीन पायऱ्या होत्या तेथे एक उरते, आणि पुढे उंबरठाच रस्त्याच्या पातळीला येतो. मग पावसाचे पाणी गटाराकडे न जाता देवडीत शिरते. विश्वामित्रीच्या काठच्या या शहराने २००५, २०१९ आणि २०२४ या वर्षांत मोठे पूर पाहिले आहेत. जेथे पाण्याची वाट इंचा-इंचाने ठरते, तेथे रस्त्याच्या पातळीची हयगय करून कसे चालेल? वर पुन्हा तळमजल्यावर दुकान काढले की रुंद दारासाठी मधला खांब हलवला जातो, आणि तीन मजल्यांचा भार एका लोखंडी तुळईवर येतो. मोटार दारापर्यंत येत नाही म्हणून कुटुंब उपनगरात जाते. कुटुंब गेले म्हणून वरचा मजला मालाच्या गठ्ठ्यांनी भरतो. गठ्ठ्यांसाठी टेंपो येतात, आणि टेंपोंमुळे उरलेल्या कुटुंबांचेही राहणे अवघड होते. असे हे चक्र आहे.

आपल्या देशातील कायदा स्मारकाचे रक्षण करतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा २०१० साली सुधारण्यात आला. त्यानुसार केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत ते परवानगीने करावे लागते. हेतू उत्तम आहे. तथापि दाट पेठेत शंभर मीटर म्हणजे पन्नास घरे होतात. त्यांच्यावर बंधन येते, पण त्यांच्या मालकांना जुने घर राखण्यासाठी मदत मिळाली नाही, तर ते घर नवे बांधता येत नाही म्हणून जुने पडू दिले जाते. गल्ल्यांसह संपूर्ण वस्तीच वारसा होय, ही दृष्टी शेजारच्या अहमदाबादने स्वीकारली, आणि २०१७ साली तेथील तटबंदीच्या शहराला जागतिक वारशाचा मान मिळाला. बडोद्याजवळचे चांपानेर-पावागड २००४ पासून त्या यादीत आहे. ज्या चांपानेरकडे आपल्या उत्तर वेशीचे तोंड आहे ते ओसाड नगर जगाच्या यादीत गेले, आणि नांदती वेस वाहनांच्या धुरात उभी आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

श्रोतेहो, जुन्या वास्तूंविषयी बोलताना मनात एक हळवा भाव येतो, आणि जुने ते सारे गोड होते असे वाटू लागते. त्या मोहापासून बडोद्याच्याच एका आठवणीने आपल्याला सावध करावे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ साली अमेरिकेत जाता आले. १९१७ साली करार पाळण्यासाठी ते बडोद्याच्या नोकरीत हजर झाले, तेव्हा या शहरातील एकाही घराचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून जावयास लावले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. बागेतील त्या जागेला आज लोक संकल्पभूमी म्हणतात आणि दर्शनास येतात. जे वाडे आपण प्रेमाने पाहतो त्यांच्या देवडीवर कोणाला थांबावे लागत होते, हेही त्या वाड्यांच्या इतिहासात लिहिले पाहिजे. वास्तू राखावयाची ती यासाठीही, की ज्या दारांपाशी अन्याय झाला ती दारे पुढच्या पिढीला दाखवता यावीत.

मग करावयाचे काय? काही कामे महापालिकेची व सरकारची आहेत. डांबराचा नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडून काढणे, तारा व फलक यांना शिस्त लावणे, जड वाहनांना ठराविक वेळ देणे, चुन्याच्या दुरुस्तीसाठी करात सवलत देणे, आणि न्यायमंदिरासारख्या रिकाम्या वास्तूंना लवकरात लवकर रोजचे काम देणे, ही ती कामे होत. मांडवीच्या मंडपाच्या खांबालाही २०२५ साली तडे दिसले आणि टेकू द्यावे लागले. भोवती रात्रंदिवस वाहने फिरत असताना मंडपाची डागडुजी एकट्याने होणे नाही. त्याच्या चारही वाटांचा विचार तिच्याबरोबर करावा लागेल.

काही कामे मात्र आपल्या घरची आहेत, आणि त्यांना कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांनी वारसांची यादी आजच लिहून काढावी. घर वाचवण्यासाठी एकाच्या नावे दुरुस्तीचे अधिकारपत्र करून ठेवावे. मृगापूर्वी कौले फिरवावी. भिंत उकलली तर सिमेंटवाल्याला बोलावण्याआधी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा. ज्यांना वाडा राखणे शक्यच नाही त्यांनी तो पाडण्यापूर्वी त्याची मापे घ्यावी, छायाचित्रे काढावी, खांबांवरील कोरीव कामाची नोंद करावी. कोणत्या खोलीत कोण राहत असे, विहिरीला पाणी किती असे, सणाला पंगत कोठे बसे, हे घरातील वडील मंडळींकडून लिहून घ्यावे. त्या नोंदींची एक प्रत ग्रंथालयात द्यावी. बडोद्यात मराठी बोलणारी घरे आपापल्या पेठा सोडून शहरभर पांगली आहेत, आणि नातवंडांच्या शाळा बहुतेक इंग्रजी किंवा गुजराती आहेत. अशा वेळी रावपुऱ्यातील घराचा एक नीट काढलेला आराखडा त्या नातवंडांना आपल्या पणजोबांविषयी बरेच काही सांगू शकेल.

आषाढी आणि कार्तिकी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून देवाची स्वारी निघते. पंढरपूरचा देव गुजरातच्या रस्त्यावर येतो. वाटेवर मराठी व गुजराती दोन्ही माणसे हात जोडून उभी असतात. सुलतानांच्या काळी आखलेल्या वाटेने गायकवाडांच्या काळी सुरू झालेली ही स्वारी स्वतंत्र भारताच्या नागरिकांपुढून जाते. राज्ये गेली, तट गेला, नजरबाग गेली; रस्ता आहे म्हणून स्वारी आहे. त्या दिवशी काही घटका वाहने थांबतात आणि मांडवीच्या कमानी मोकळ्या दिसतात. त्या वेळी जवळ असाल तर मान वर करून त्या कमानी आणि समोरच्या घरांचे सज्जे एकदा नीट पाहावे, आणि त्यांतील कोणत्या सज्ज्यामागे अजून दिवा लागतो, हे मोजून यावे.